आतडं पाणी शोषतं की सोडतं?

टिपकागद (धागाकर्ती)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं: "कॉलऱ्यात आतडं सोलवटतं, मग त्यातून पाणी गळत राहतं." तिथला विषय वेगळा होता म्हणून बोलले नाही, पण तेव्हापासून हात शिवशिवतायत. कॉलऱ्यात आतडं सोलवटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंत तर अस्तर जवळजवळ धडधाकट दिसतं. त्या अस्तराला पाणी सोडता येतं, आणि ते रोज सोडतही असतं. कॉलऱ्यात तो नळ बंद करायची सोय तेवढी जाते.

शाळेत आपण शिकलो ते असं: लहान आतडं अन्नरस शोषतं, मोठं आतडं पाणी शोषतं, धडा संपला. खोटं नाही, अर्धवट आहे. जमाखर्च बघा. २४ तासांत लहान आतड्यात साधारण ८ ते ९ लिटर द्रव उतरतो. त्यात बाहेरून आलेला जेमतेम २ लिटर. बाकी सगळा घरचाच: लाळ दीड लिटर, जठररस दोन-अडीच, स्वादुपिंडाचा रस दीड, पित्त अर्धा, आणि लिटरभर तरी खुद्द आतड्याच्या भिंतीने सोडलेला. एवढ्यातून शौचावाटे जातो १०० ते २०० मिलिलिटर. शोषण इतकं जबर असतं की सोडलेलं पाणी आपल्याला कधी दिसतच नाही.

आता ते सोडतं कसं. पहिली गोष्ट म्हणजे पाण्याला पंप नसतो. पेशीला पाणी ढकलता येत नाही, क्षार ढकलता येतात, आणि क्षार गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. आतड्यात या कामाचा क्षार म्हणजे क्लोराइड.

अस्तरातली एक पेशी डोळ्यांसमोर आणा. तिची एक बाजू आतड्याच्या पोकळीकडे, दुसरी रक्ताकडे. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो, आणि ऊर्जा खर्च होते ती इथेच. पेशीत सोडियम कमी झाला की तो परत आत यायला बघतो, आणि त्याच बाजूला एक वाहक प्रथिन त्याला आत येऊ देतं, पण एका अटीवर: १ सोडियम, १ पोटॅशियम आणि २ क्लोराइड, सगळे एकत्रच. असं करत पेशीत क्लोराइड साठत जातो. आत आलेला पोटॅशियम रक्ताकडच्याच दारांनी परत बाहेर पाझरतो आणि त्यामुळे पेशीचा आतला भाग ऋणभारित राहतो. क्लोराइडही ऋणच, म्हणजे त्याला बाहेरची ओढ लागलेलीच असते. फक्त पोकळीकडचं दार उघडायचं बाकी असतं. त्या दाराचं नाव सीएफटीआर. ते उघडलं की क्लोराइड पोकळीत, त्याच्या ओढीने सोडियम दोन पेशींच्या मधल्या फटीतून पोकळीत, आणि मिठामागे पाणी.

काडेपेटी

वाचलं. एक प्रामाणिक प्रश्न: एकाच खोलीत नळही चालू आणि मोरीही उघडी, हा उद्योग शरीराने कशाला करायचा? सरळ कमी सोडायचं, कमी शोषायचं. हलके घ्या, पण उत्तर द्या.

टिपकागद

@काडेपेटी, नळ आणि मोरी एका जागी नाहीत. अस्तर सपाट नसतं. बोटांसारखे उंचवटे असतात ते रसांकुर, आणि त्यांच्या बुडाशी अरुंद विहिरी असतात त्यांना क्रिप्ट म्हणतात. ढोबळ मानाने शोषण उंचवट्यांवर, सोडणं विहिरीत. (अगदी काटेकोर नाही. वरच्या पेशीही थोडं सोडतात. पण समजायला हे पुरे.)

आणि उद्योग कशाला, तर कोरड्या आतड्यात काहीच चालत नाही. पाचक रसांना काम करायला पातळपणा लागतो. श्लेष्माचं, म्हणजे अस्तरावरच्या बुळबुळीत थराचं बघा: तो पेशीतून घट्ट गुंडाळलेल्या गाठोड्यासारखा निघतो, आणि पाणी व बायकार्बोनेट मिळालं तरच उलगडून पसरतो. शिवाय विहिरीच्या तळाशी मूळपेशी असतात, ज्यांच्यातून सगळं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं. तिथे जंतू शिरू नयेत म्हणून आतून बाहेर सतत एक बारीक धार वाहती असणं चांगलंच.

मधली_सुट्टी

छान धागा. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मुलं हमखास विचारतात, "बाई, हे कळलं कसं?" पेशीच्या कुठल्या बाजूला कुठलं प्रथिन आहे हे कुणी आत जाऊन तर बघितलं नसणार.

टिपकागद

@मधली_सुट्टी, हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न. लांबण लावते, माफ करा.

डेन्मार्कचे हान्स उस्सिंग यांनी १९५०च्या सुमारास बेडकाच्या कातडीवर काम करताना एक साधी युक्ती काढली. कातडीचा तुकडा दोन डब्यांच्या मधे पडद्यासारखा ताणून बसवायचा. दोन्हीकडे अगदी सारखं खारं पाणी. म्हणजे आपोआप इकडून तिकडे जायला काही कारण उरलं नाही. तरीही पडद्याच्या दोन बाजूंत विजेचा दाब दिसतो, कारण जिवंत पेशी क्षार एका दिशेला ढकलत असतात. बाहेरून उलटा प्रवाह देऊन तो दाब शून्यावर आणायचा. त्यासाठी किती प्रवाह लागला, ते क्षारांच्या वाहतुकीचं माप. आजही त्या उपकरणाला उस्सिंग चेंबरच म्हणतात.

मी शिकत असताना उंदराच्या आतड्यावर हे केलंय. नखाएवढा तुकडा. त्याच्या मागचा स्नायूचा थर चिमट्याने सोलून काढायचा, आणि सोलताना अस्तराला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तरी तुकडा वाया. ३७ अंशांचं पाणी, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सारखे सोडायचे. मग फोर्सकोलिन नावाचं रसायन टाकायचं. ते पेशीतला सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढवतं आणि त्याने सीएफटीआर उघडतं. पहिल्यांदा टाकलं तेव्हा मिनिटाभरात प्रवाहाच्या आलेखाची रेघ वर चढायला लागली आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मेलेल्या प्राण्याचा नखाएवढा तुकडा, आणि तो समोर बसून काम करतोय.

पुढची पायरी होती ब्युमेटॅनाइड टाकण्याची. ते वर सांगितलेलं १-१-२ वालं वाहक प्रथिन बंद करतं. टाकलं. रेघ जागची हलेना. औषध जुनं असेल म्हणून दुसरी बाटली फोडली. तरी नाही. मार्गदर्शक मागून येऊन बघून गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "कुठल्या बाजूला टाकलंस?" मी पोकळीकडच्या डब्यात टाकत होते. रक्ताकडच्या डब्यात टाकलं आणि रेघ घसरत घसरत खाली आली. वाहक कुठल्या बाजूला आहे हे असं कळतं, बाई. तुमच्या मुलांना माझा गाढवपणा खुशाल सांगा.

मधली_सुट्टी

सांगणारच! वाचनखूण साठवली.

बिनपगारी_डॉक्टर

मी रोज हेच बघतो, पण उलट्या बाजूने, म्हणजे पेशंटच्या बाजूने. दोन गोष्टी जोडतो.

एक, जुलाब सगळे सारखे नसतात. काहींत पोकळीत न पचलेलं काहीतरी राहतं, समजा दुधातली साखर, आणि ते पाणी धरून ठेवतं. असा पेशंट उपाशी राहिला की जुलाब थांबतात. दुसरा प्रकार तुम्ही सांगताय तो, अस्तरच सोडतंय. त्याला उपवासाने फरक पडत नाही, रात्रीही चालूच. शंका असेल तर शौचाच्या पाण्यातलं सोडियम-पोटॅशियम मोजतात. दोघांची बेरीज करा, दुप्पट करा, २९० मधून (शौचाच्या पाण्यात विरघळलेल्या सगळ्याची मिळून दाटी) वजा करा. सोडियम ४०, पोटॅशियम ३० आलं तर उरतात १५०, म्हणजे क्षारांखेरीज दुसरं काहीतरी पाणी धरून बसलंय. उरलेला आकडा ५०च्या खाली असेल तर पाणी क्षारांनीच ओढलंय, म्हणजे अस्तर सोडतंय. मोठ्या माणसाच्या कॉलऱ्यात सोडियम १३५, पोटॅशियम १५च्या आसपास असतं. करा हिशेब. काहीच उरत नाही.

दोन, नुसतं पाणी जात नाही. बायकार्बोनेट जातं, म्हणून रक्त आम्लाकडे झुकतं आणि पेशंट खोल श्वास घ्यायला लागतो. पोटॅशियम जातं, म्हणून स्नायू गळून जातात. जोरदार कॉलऱ्यात तासाला लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. सकाळी चालत आलेला माणूस संध्याकाळी डोळे खोल गेलेला, नाडी लागत नाही असा होतो. हे एकदा बघितलेला माणूस "साधे जुलाब" हा शब्द सहसा वापरत नाही.

नळदुरुस्ती

पेशाने कंट्रोल सिस्टिमवाला आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. व्हॉल्व्ह कळला. व्हॉल्व्हला सिग्नल कोण देतं? आणि फेल झाला तर उघडा फेल होतो की बंद?

टिपकागद

@नळदुरुस्ती, सुरेख प्रश्न. सिग्नल देणारे तिघं-चौघं आहेत.

आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं असतं, मेंदूला न विचारता चालणारं. अस्तराला काही घासून गेलं किंवा ताण बसला की अस्तरातल्या काही खास पेशी सेरोटोनिन सोडतात. त्याने जवळची मज्जापेशी जागी होते आणि ती विहिरीपाशी व्हीआयपी नावाचं पेप्टाइड किंवा अॅसिटिलकोलिन सोडते. व्हीआयपीने सायक्लिक एएमपी वाढतो, तो पोकळीकडचं दार उघडतो आणि परिणाम टिकतो. अॅसिटिलकोलिनने पेशीतलं कॅल्शियम वाढतं, ते मुख्यतः रक्ताकडची पोटॅशियमची दारं उघडून क्लोराइडला मागून जोर देतं, आणि ओसरतंही लवकर. दोन्ही एकदम आले तर परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा मोठा होतो. ब्रेकही आहेत: सोमॅटोस्टॅटिन, नॉरअॅड्रेनालिन, एन्केफॅलिन.

तिसरा मार्ग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. ई. कोलाय जंतूच्या काही जातींचं एक विष आतड्याच्या पेशीवरच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, आत सायक्लिक जीएमपी हा तसाच दुसरा निरोप्या रेणू वाढतो आणि तेच सीएफटीआर उघडतं. मग प्रश्न पडला की जंतूच्या विषासाठी शरीराने ग्राहक कशाला बाळगलाय? तर तो विषासाठी नव्हताच. आतड्याचंच एक संप्रेरक निघालं, ग्वानिलिन, १९९२ साली. विष त्याची नक्कल करतं, एवढंच. पुढे माणसाने त्या विषाची नक्कल केली आणि लिनॅक्लोटाइड हे बद्धकोष्ठतेवरचं औषध बनवलं. २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या एका कुटुंबाबद्दल प्रसिद्ध झालं: या ग्राहकाच्या जनुकात एक बदल, आणि पिढ्यानपिढ्या सौम्य पण कायमचे जुलाब.

उघडा फेल की बंद, याचं उत्तर "दोन्ही". उघडा फेल म्हणजे कॉलरा. त्याच्या विषाचे सहा तुकडे असतात. पाच तुकडे पेशीच्या पृष्ठभागाला धरतात, सहावा आत जातो आणि "चालू कर" हा निरोप नेणाऱ्या प्रथिनाला एक रासायनिक शेपूट जोडतो. हे प्रथिन एरवी आपलं आपण बंद होतं, शेपूट लागलं की होत नाही. सायक्लिक एएमपी वाढतच राहतो. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पाइप ठीक, बटण मात्र दाबलेल्या स्थितीत अडकलंय.

नळातून पाणी येतंय ते एखाद्या विषामुळे, हे दाखवून दिलं शंभूनाथ डे यांनी, कोलकात्यात, १९५९ साली. सशाच्या आतड्याचा थोडा भाग दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव टाकला, तरी ती वळी पाण्याने फुगली. जंतू नाहीत, पाणी आहे. एवढ्या साध्या प्रयोगाने इतकी मोठी गोष्ट कळणं फार क्वचित होतं.

काडेपेटी

थांबा. नळ अडकलाय, बंद होत नाही. मग त्या माणसाला वरून मीठ-साखरेचं पाणी पाजून काय होणार? पिंपाला भोक आहे आणि आपण वरून ओततोय.

बिनपगारी_डॉक्टर

काडेपेटी, हाच आक्षेप डॉक्टरांनीही घेतला होता. चांगल्या संगतीत आहात.

टिपकागद

काडेपेटींनी नेमकं बोट ठेवलं. पिंपाला भोक असतं तर पाजून उपयोग झाला नसता. म्हणूनच मी पहिल्या ओळीपासून "सोलवटलेलं नाही" म्हणून हटून बसलेय.

सायक्लिक एएमपी वाढला की दोन गोष्टी होतात: सोडणारा नळ उघडतो आणि साधं मीठ शोषणारं दार बरंचसं मिटतं. पण रसांकुरांवर आणखी एक दार असतं, २ सोडियम आणि १ ग्लुकोज जोडीने आत घेणारं. सोडियम आणि साखर एकत्र आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे मांडली. कॉलऱ्याचं विष या दाराला धक्का लावत नाही. नुसतं मिठाचं पाणी दिलंत तर ते तसंच वाहून जातं. त्यात ग्लुकोज घाला, सोडियम आत जातो आणि पाणी मागोमाग. नळ चालूच असतो, आपण मोरी रुंद करतो.

हे मी स्वतः बघितलंय. लहान आतड्याचा तुकडा, फोर्सकोलिनने रेघ वर चढून स्थिर झालेली, मग पोकळीकडे ग्लुकोज टाकलं की रेघ आणखी वर. गोंधळात पाडणारी गोष्ट अशी की ऋण क्लोराइड बाहेर जाणं आणि धन सोडियम आत येणं, विजेच्या लेखी दोन्ही एकच. एक पाणी घालवतंय, दुसरं आणतंय, आणि रेघ दोन्हींना वरच जाते. म्हणून कुठलं किती हे वेगळं काढायला एकेक दार बंद करून बघावं लागतं.

बिनपगारी_डॉक्टर

इतिहास थोडक्यात. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या पेशंटना तोंडावाटे ग्लुकोज-क्षारांचं पाणी देऊन सलाइनची गरज खूप कमी होते हे दाखवलं. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेवर बनगावला आले, कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. दिलीप महालनबीस यांनी तिथे पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, त्यांच्या देखरेखीखाली ते ३.६ टक्क्यांवर आलं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. या पाण्याने जुलाब थांबत नाहीत. घरचे दोन तासांनी येऊन सांगतात, "काही उपयोग नाही, चालूच आहेत." उपयोग शौचात बघायचा नसतो, जीभ ओली आहे का, लघवी होते का, नाडी भरली का, यात बघायचा. जुन्या मिश्रणात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज होतं. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ते १३.५ ग्रॅम केलं, मीठही ३.५ वरून २.६ ग्रॅमवर आणलं. पातळ मिश्रणाने मुलांचे जुलाब थोडे कमी होतात. "जास्त साखर घातली की जास्त ताकद" हा समज उलटा पडतो. जास्त साखर पोकळीतच पडून राहते आणि पाणी बाहेर खेचते.

ओलीवाट

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. नळ बंद फेल झाला तर काय होतं ते मी सांगू शकते. माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. सीएफटीआर बिघडलेला. जन्मल्यावर दोन दिवस तिला शी झाली नाही, पोट टरारून फुगलेलं. जिथे बाळंतपण झालं तिथे "होईल, होईल" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करावं लागलं. पहिली काळी शी डांबरासारखी घट्ट होऊन आतड्यात अडकली होती. नंतर कळलं की या आजाराच्या १५ ते २० टक्के बाळांना असं होतं.

मला कधीच न समजलेली गोष्ट विचारते. आतड्यात क्लोराइड बाहेर पडत नाही म्हणून कोरडं पडतं. मग तिचा घाम खारट का? तिथे तर क्लोराइड जास्त बाहेर पडतोय. कपाळाचा पापा घेतला की ओठांवर मीठ लागतं.

टिपकागद

@ओलीवाट, लिहिलंत हे फार बरं केलंत.

दाराला दिशा नसते. सीएफटीआर हे फक्त दार, क्लोराइड कुठे जाईल हे दोन्हीकडची परिस्थिती ठरवते. आतड्याच्या विहिरीत पेशीत क्लोराइड साठवलेला असतो, म्हणून दार उघडलं की बाहेर. घामाचं उलट. घाम ग्रंथीच्या तळाशी तयार होतो तेव्हा सगळ्यांचाच खारट असतो. त्वचेकडे येताना नळीत त्यातलं मीठ परत आत घेतलं जातं, आणि तिथे क्लोराइड सीएफटीआरमधूनच आत येतो. दार बंद असेल तर मीठ घामातच राहतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या आतड्याचा कोरडेपणा आणि कपाळावरचं मीठ, दोन्ही त्याच एका दारामुळे. हे जनुक १९८९ साली सापडलं.

हल्ली गुदाशयाच्या अस्तराचा कणभर तुकडा घेऊन त्यापासून प्रयोगशाळेत पेशींचे इवलेसे पोकळ गोळे वाढवतात. फोर्सकोलिन टाकलं की निरोगी माणसाचे गोळे पाण्याने फुगतात, सिस्टिक फायब्रोसिसवाल्यांचे फुगत नाहीत किंवा अगदी थोडे फुगतात. मग नवं औषध टाकून बघायचं, गोळा फुगला तर त्या पेशंटला त्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली.

ओलीवाट

तेरा वर्षं विचारतेय हे. आज कळलं. तिला दाखवते.

काडेपेटी

काडी टाकायला आलो होतो, आता गप्प वाचतोय. शेवटचं विचारतो. टिपकागदताईंच्या त्या ब्युमेटॅनाइडने रेघ खाली आली ना? मग कॉलऱ्याच्या पेशंटला तेच का देत नाहीत? नळच बंद.

नळदुरुस्ती

+१, मीही हेच टाइप करत होतो.

टिपकागद

दार बंद करणारी औषधं शोधली गेलीत. क्रोफेलेमर नावाचं एक आहे, दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाल चिकापासून काढलेलं. ते पोकळीच्या बाजूने क्लोराइडची दारं अडवतं, पण मान्यता आहे ती एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या जुलाबांसाठी. ब्युमेटॅनाइडची अडचण वेगळीच. ते रक्तावाटे आतड्याच्या आधी मूत्रपिंडात काम करतं. तिथे त्याच वाहकाचं एक भावंड असतं, तेही बंद होतं. रोजच्या वापरात ते लघवी वाढवण्याचंच औषध आहे. आधीच कोरड्या पडलेल्या माणसाला लघवी व्हायचं औषध द्यायचं म्हणजे...

बिनपगारी_डॉक्टर

म्हणजे ते मी लिहून देणार नाही.